सोललेल्या दुधी भोपळ्याचा रंग

मी, अण्णासो गुंडू शिंगे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा मोटारींना रंग मारणे (सध्या बंद), राहणार कसबा बावडा, कोल्हापूर, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. दाखल्यावर ज्याचा विश्वास नसेल त्याने मला येऊन भेटावे, पाच मिनिटांत खात्री पटेल. मला कुणी धमकावलेलं नाही, फसवलेलं नाही, काही प्यायला घातलेलं नाही. छातीत मात्र पन्नास वर्षांचा थिनर साठलाय आणि जिना चढताना दम लागतो, म्हणून आत्ताच लिहून मोकळा होतो.

आमचे वकील विजयसिंह इंगवले यांनी टाइप केलेला नमुना दिला होता. नमुना चांगला होता, पण त्यात मी कुठंच नव्हतो. म्हणून तो समोर ठेवून माझ्या भाषेत लिहिलं. वकिलांनी वाचून "कायद्यात बसतंय, पण लई बोलताय अण्णा," एवढाच शेरा दिला.

याआधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही. मुलगा सुगत एकुलता एक, त्यामुळे घरादारासाठी मला एवढा कागद लागला नसता. हा कागद आहे एका मोटारीसाठी. त्या मोटारीला तिचा पहिला रंग परत मिळावा आणि तो ऋता माधव पोतनीस या बाईंनी डोळ्यांनी बघावा, ही माझी इच्छा आहे. बाकीची कलमं आधी उरकतो.

कलम पहिले. घर. बावड्यातल्या दोन खोल्या, वरचा स्लॅब आणि मागचं शेवग्याचं झाड हे सगळं माझ्या पश्चात सुगतला मिळावे. घराला कुठला रंग द्यायचा ते त्याने ठरवावे. फक्त पुढच्या भिंतीला त्याच्या डोक्यात आहे तो जांभळा देऊ नये. हे कायद्याने बंधनकारक नाही असं वकील म्हणतात. माझ्याकडून आहे.

कलम दुसरे. बँकेतली ठेव. माझी पत्नी यल्लव्वा सहा वर्षांमागे गेली. ठेव तिच्या काटकसरीची आहे, माझ्या कर्तबगारीची नाही. ती नातू आर्यन याच्या शिक्षणासाठी वापरावी. बुलेटसाठी नव्हे. आर्यन, हे तुझ्यासाठीच लिहिलंय, दोनदा वाच.

कलम तिसरे. गाळा आणि हत्यारं. उद्यमनगरातला माझा गाळा नात दीक्षा सुगत शिंगे हिला मिळावा. सुगतला तो मोबाइलच्या दुकानाला भाड्याने द्यायचा आहे, हे मला माहीत आहे. सुगत, तुला थिनरच्या वासानं उलटी व्हायची म्हणून मी तुला कधी जबरदस्ती केली नाही. आता तू तिला करू नको. पोरगी रसायनशास्त्र शिकली आणि आज शहरातल्या रंगाच्या दुकानात मिक्सिंगच्या मशीनवर उभी राहते. तिचा डोळा मशीनपेक्षा खरा आहे, हे मी दुकानदाराला तोंडावर सांगितलेलं आहे.

माझे उस्ताद आकाराम मिस्त्री यांची पितळी वाटीची स्प्रे गन दीक्षालाच मिळावी. दर शनिवारी ती खोलून धुवावी. कॉम्प्रेसर विकला तरी चालेल, पण मागच्या गल्लीतल्या त्या पेंटरला विकू नये. नाव लिहीत नाही, त्याला कळेल. खड्डा ठोकून सरळ करायचा सोडून हा माणूस त्यात किलो किलो पुट्टी भरतो आणि वर माझ्या गिऱ्हाइकाला सांगतो की अण्णाचा हात आता थरथरतो. थरथरतो ते खरंय. पण मी पुट्टीचे डोंगर केले नाहीत.

कलम चौथे. अंत्यविधी. बौद्ध पद्धतीने, साधा. भाषणं नकोत. आणि माझ्या अंगावर कुणीही गुलाल टाकू नये. त्याचं कारण पुढच्या कलमात आहे.

कलम पाचवे. मोटार. सन एकोणीसशे सत्तावन्नची फियाट, आपल्याकडे जिला डुक्कर फियाट म्हणतात ती. सध्या माझ्या गाळ्याच्या मागच्या भागात उभी आहे. कागदपत्रं माझ्या नावावर आहेत. ती माझ्या नावावर कशी झाली ते लिहिल्याशिवाय हे कलम पुरं होत नाही, म्हणून वकिलांनी इथं पेन घेऊन मागं लागू नये.

ही मोटार डॉक्टर इरावती पोतनीस यांची. गगनबावड्यापासून राधानगरीपर्यंत धो धो पावसात ही बाई बाळंतपणं करायला जायची, स्वतः चालवत. शहात्तर साली यल्लव्वा अडली, तेव्हा दुपारी चिखलातनं बावड्याच्या आमच्या दारात आली ती हीच गाडी. सुगत डॉक्टरीणबाईंच्या हातावर जन्मला. फी विचारली तर म्हणाल्या, "गाडीला कधी पोचा पडला तर बघा." तेव्हा गाडी पांढरी होती. सहासष्ट साली बेळगावात कुणीतरी ती पांढरी केली होती, दवाखान्याची गाडी पांढरी शोभते म्हणून. मी धंद्यात यायच्या आधीची गोष्ट.

चौऱ्याण्णव साली त्यांची मुलगी ऋताताई माझ्या गाळ्यावर आल्या. शाळेत शिक्षिका होत्या, वयानं माझ्याएवढ्या. म्हणाल्या, "आईला हल्लीचं काही आठवत नाही, अण्णासो. माणसंसुद्धा ओळखत नाही. पण जुनं आठवतं. गाडी तिच्या पहिल्या रंगात समोर आली, तर कदाचित ती गाडीत बसेल. निदान ओळखेल."

मी विचारलं, "पहिला रंग कुठला?"

"दुधी भोपळा सोलला की सालीच्या लगत जो रंग दिसतो ना, तसा. नवी आली तेव्हा मी सहा वर्षांची होते."

मी हसलो. "ताई, मोटारीला भाजीचा रंग कोण देतंय व्हय?"

मग मी माझ्या पद्धतीनं शोध घेतला. बॉनेटच्या कडेला पाणी जायची पन्हळ असते, तिथला पांढरा रंग ब्लेडनं खरवडला. खाली लाल. डिकीच्या कोपऱ्यात खरवडलं, तिथंही लाल, काळपट, घट्ट. आत छताच्या कापडाच्या कडा गुलाबी. झालं! मी त्यांना निरोप धाडला, तुमची गाडी मुळात मरून, माझ्याकडं पुरावा हाय. त्या लालाच्या खाली काय आहे ते बघायला आणखी दोन मिनिटं लागली असती. ती दोन मिनिटं मी दिली नाहीत. दसरा तोंडावर आलेला आणि गाळ्यात सहा गाड्या उभ्या.

मी गाडी मरून केली. सीटलाही मरून रेक्झिन घातलं. आरशासारखी चकाकत होती. स्वतः चालवत त्यांच्या दारात नेली. ऋताताईंनी आईला हाताला धरून व्हरांड्यात आणलं. डॉक्टरीणबाईंनी गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि मुलीला म्हणाल्या, "कुणाची गाडी गं? पाहुणे आलेत वाटतं. चहा टाक." आणि आत निघून गेल्या.

ऋताताई एवढंच म्हणाल्या, "अण्णासो, ही आमची गाडी नव्हे."

माझं डोकं सटकलं. शेजारपाजारचे बघत होते. मी ओरडलो, "पेंटर मी हाय का तुम्ही? सहा वर्षांच्या पोरीला काय डोंबलाचा रंग आठवतोय!"

हे वाक्य मी तीस वर्षं चघळतोय. ज्या बाईनं माझं पोरगं जगात आणलं तिच्या अंगणात उभं राहून मी तिच्या मुलीला खोटी पाडली.

डॉक्टरीणबाई दोन वर्षांनी गेल्या. त्या गाडीत एकदाही बसल्या नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी ऋताताईंनी गाडी टो करून माझ्या गाळ्यावर पाठवली, सोबत सह्या केलेले कागद आणि एक चिठ्ठी: "रंग तुमचा आहे, गाडीही तुम्हीच ठेवा." मीही ताठ्यात ठेवून घेतली. मागं ढकलली आणि तिच्या टपावर रंगाचे रिकामे डबे रचले. आम्ही दोघं एकाच गावात राहून त्यानंतर एक शब्द बोललो नाही.

गेल्या उन्हाळ्यात दीक्षानं ते डबे खाली काढले. मी सांगितलं नव्हतं, उलट नको म्हणालो होतो. तिनं मागच्या दाराचं जुनं रबर उचकटलं. रबराखाली कोपऱ्यात कोरडी लाल भुकटी होती आणि त्यात नारळाच्या शेंडीचा एक धागा. पोरीनं बोट ओलं करून भुकटीत घातलं आणि तळहातावर चोळलं. सगळा तळहात गुलाबी.

"आज्जा! ह्यो रंग न्हाय. ह्यो गुलाल हाय, गुलाल!"

"गप बस," मी म्हणालो.

तिनं तो हात सरळ माझ्या गालाला फासला. "बघ जा आरशात!"

मी आरशात बघितलं आणि स्टुलावर बसलो. आपल्या गावात नवी गाडी घेतली की माणूस आधी जोतिबाच्या डोंगरावर नेतो. नारळ फोडतात, मूठमूठ गुलाल उधळतात. ही गाडीही नेली असणार. पावसात तो गुलाल पन्हळीत उतरला, कोपऱ्यात बसला, वरनं पॉलिश बसत गेलं आणि त्याची खपली झाली. बेळगावच्या त्या बहाद्दरानं खपली न काढता वर पांढरा मारला. आणि मी, आकाराम मिस्त्रींचा पट्टशिष्य, त्या खपलीला रंग समजलो.

माझ्या वडिलांनी छप्पन्न साली धम्म स्वीकारला, तेव्हापासून आमच्या घरचा डोंगर बंद. आमचा गुलाल चौदा एप्रिलचा, निळा. म्हणून ध्यानात आलं नाही असं मी दीक्षाला सांगून बघितलं. ती म्हणाली, "निवडणुकीत काय डोळं झाकून फिरत हुतास?" बरोबर आहे. ही सबब चालणार नाही. मला घाई होती आणि माज होता, असंच इथं लिहावं.

मग आम्ही नीट शोधलं. दारावर रुपयाएवढ्या जागेत पाणी घालून बारीक पॉलिशपेपरनं हळूहळू घासत गेलं की कांदा आडवा कापल्यासारखी कडी दिसतात. वर मरून, मग पांढरा, मग फिकट हिरवट काहीतरी. तोच रंग डॅशबोर्डच्या कप्प्याच्या आत, वितभर जागेत, जसाच्या तसा. तिथं बेळगावचा हात पोचला नव्हता आणि माझाही नाही, म्हणून वाचला. मागच्या सीटच्या बुडाला रेक्झिन दुमडून तारेनं आवळलेलं असतं. ती घडी उलगडली तर आत धण्याच्या रंगाचं रेक्झिन निघालं, त्याला फिकट हिरवा गोट. छताच्या कापडाचा रंग पुढच्या काचेवरच्या, ऊन अडवायच्या झापेमागं सापडला, साधा सायीसारखा. कडांचं गुलाबी ते लोकांच्या डोक्यावरच्या गुलालाचं.

आर्यनला मंडईत पिटाळून दुधी भोपळा आणला. सुरीनं सोलला आणि कप्प्याजवळ धरला. दोन्ही रंग एकच. मी रडलो. नातवंडांसमोर रडलो, आणि ते लिहायची मला लाज वाटत नाही.

सबब, सदर मोटार मी ऋता माधव पोतनीस यांना देतो. माझ्या पश्चात हे कलम त्यांना घरी जाऊन मोठ्यानं वाचून दाखवावे, आणि अण्णासो शिंगे चुकला असे सांगावे. (हा परिच्छेद रद्द. कलम सातवे पाहावे. अ. गु. शिंगे)

कलम सहावे. रंगकाम. पाऊस उघडला की मी स्वतः मारणार आहे. माझ्याच्यानं झालं नाही तर दीक्षानं मारावा, दुसऱ्या कुणी नाही. मिक्सिंग कप्प्यातल्या रंगावरून करावे, दारावरच्या कड्यावरून नाही, कारण दारानं ऊन खाल्लंय. नमुना पत्र्यावर मारून पुरा वाळू द्यावा, मगच जुळवावा, ओला रंग फसवतो. ट्यूबलाइटखाली बघू नये, सकाळी दहाच्या आत गाळ्याबाहेर नेऊन बघावा. कप्प्यातल्या वितभर जागेला कागद चिकटवून ती तशीच ठेवावी. ती कधीही, कुणीही, कितीही हौस आली तरी घासू नये. पुढं कुणी विचारलं तर दाखवायला तेवढंच आहे. रेक्झिनचा तुकडा, दाराचं रबर आणि गुलालाची पुडी माझ्या बिस्किटाच्या डब्यात आहे. डबा फेकू नये.

कलम सातवे. हे आज, सह्या व्हायच्या आधी, वकिलांच्या समोर लिहितोय.

गेल्या आठवड्यात दीक्षानं हा कागद वाचला. मला वाटलं, पोरीला भरून येईल. ती खेकसली, "मेल्यावर माफी मागतोस व्हय? जित्ता हायस तवर फोन कर की! त्या बाई काय तुझ्या मयताची वाट बघत बसल्यात?" मी म्हणालो, त्या फोन उचलणार नाहीत. तिनं माझ्याच फोनवरनं लावला आणि माझ्या कानाला दाबून धरला. त्यांनी उचलला. मी नाव सांगितलं. मग म्हणालो, "ताई, दुधी भोपळाच होता."

त्या म्हणाल्या, "कधी येऊ?"

आज सकाळी अकराला आल्या. रिक्षातनं उतरल्या, काठी टेकत. मी बशीत सोललेला दुधी कप्प्याशेजारी ठेवलेला. त्यांनी चष्मा पुसला, आत वाकल्या, आणि इतका वेळ बघत राहिल्या की मला वाटलं परत चुकलो.

"सालीच्या अगदी लगतचा," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं होतं."

"सांगितलं हुतं ताई."

"आजोबांनी जोतिबाला नेली होती. उतरताना पाऊस लागला. माझा फ्रॉकसुद्धा गुलाबी झाला होता. हे तुम्ही विचारलं असतंत, तर तेव्हाच सांगितलं असतं."

मी हात जोडले. "चुकलो. तुमच्या आईंनी गाडी ओळखली असती. माझ्यामुळं ऱ्हायलं."

त्यांनी माझे हात खाली केले. म्हणाल्या, "ओळखली असती की नाही, ते आता कुणालाच कळणार नाही, अण्णासो. पण ती 'चहा टाक' म्हणाली होती. तो तुम्ही न पिताच गेलात. आज मी इथं चहा पिऊनच जाईन." मग दीक्षानं चहा मागवला आणि आम्ही सगळ्यांनी गाडीशेजारी उभं राहून घेतला.

त्यानंतर त्यांनी हा कागद पहिल्यापासून वाचला. त्यांना मोटार दिल्याचं वाचून वकिलांकडं वळल्या. "साक्षीदार कोण आहेत?"

वकील म्हणाले, "एक शेजारचे पॉलिशपेपरवाले धवल चौगुले, दुसरा माझा कारकून."

"कारकुनाऐवजी मी सही केली तर?"

"मग तुम्हाला मोटार मिळणार नाही, मॅडम. ज्याला काही मिळायचं आहे त्यानं साक्ष देऊ नये. उगाच वाद नको."

"मग मोटार राहू दे," ऋताताई म्हणाल्या. "मी तिसऱ्या मजल्यावर राहते, ठेवणार कुठे? मला साक्ष द्यायची आहे. इतकी वर्षं कुणी माझी घेतली नाही."

वकिलांनी माझ्याकडं बघितलं. मी पेन घेतलं आणि कलम पाचमधला शेवटचा परिच्छेद खोडला.

सबब, सदर फियाट मोटार माझ्या पश्चात दीक्षा सुगत शिंगे हिला मिळावी. रंगकाम झाल्यावर गाडी पहिल्यांदा बाहेर निघेल ती गगनबावड्याच्या रस्त्याला, मागच्या सीटवर डाव्या खिडकीशी ऋताताईंना बसवून. ही देणगी नाही, विनंती आहे, असं लिहा म्हणजे अडचण नाही, हे वकिलांनीच सुचवलं. त्या दिवशी मी जिवंत असलो तर पुढं दीक्षाशेजारी बसेन आणि गिअर कसा टाकायचा त्यावरून तिच्याशी भांडेन. दम अजून तेवढा आहे.

मृत्युपत्राची अंमलबजावणी विजयसिंह इंगवले वकील यांनी करावी. वर लिहिलेलं सगळं मी वाचलं, ऐकलं, मला मान्य आहे, आणि खाडाखोड आहे ती माझीच आहे.

ठिकाण: उद्यमनगर, कोल्हापूर
दिनांक: चौदा ऑगस्ट, दोन हजार पंचवीस

(सही) अण्णासो गुंडू शिंगे

आम्हा दोघांच्या समक्ष वरील इसमाने राजीखुशीने सही केली आणि त्यांच्या समक्ष आम्ही आमच्या सह्या केल्या.

साक्षीदार एक:
(सही) धवल शांतिनाथ चौगुले, उद्यमनगर, कोल्हापूर

साक्षीदार दोन:
(सही) ऋता माधव पोतनीस, निवृत्त शिक्षिका, कोल्हापूर. वर लिहिलेल्या मोटारीचा मूळ रंग मी सन १९५७ साली, वयाच्या सहाव्या वर्षी, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे.